बाबा, समुद्र आणि सुखोई: भिंतीवर कोणतं प्रचि (प्रकाशचित्र) लावू?

ओझरचा_मुलगा | ७ जून २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात नाशिकच्या घराला रंग दिला आणि हॉलची मोठी भिंत मोकळी झाली. अकरा फूट रुंद, समोर बाबांची खुर्ची. तिथे विकतचं चित्र लावायचं नाही, आपण काढलेलंच काहीतरी लावायचं, एवढं घरात ठरलंय. कोणतं लावायचं यावर मात्र आठवडाभर एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

माझे बाबा ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, ३३ वर्षं होते. आधी मिग-२१, मग मिग-२७, आणि निवृत्तीआधीची काही वर्षं सुखोई-३०. चाचणीला उडालेली विमानं त्यांनी असंख्य वेळा पाहिली, पण ती कांद्याच्या शेतांवरून आणि द्राक्षबागांवरून जाणारी. समुद्रावर कधीच नाही. हवाई दलाने जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला १२ ते १४ तारखेपर्यंत प्रात्यक्षिकं केली, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन गेलो. रोज दुपारी बारा ते एक अशी वेळ होती. गुडघे दुखत असूनही बाबा कठड्याला टेकून तासभर उभे होते. सुखोई आली तसा त्यांनी डोळ्यांवर हात धरला. आम्ही मान वळवेपर्यंत ती पुढे गेलेली आणि मागून आवाज आला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हिचं पोट मी आतून बघितलंय."

त्या दिवसाची दोन प्रचि आता शर्यतीत आहेत.

पहिलं माझं. ५५-२५० च्या (लांबचं जवळ ओढणाऱ्या) लेन्सने काढलेली सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरतपथकाची नऊ विमानं, स्पष्ट, मागे निळं आकाश. दुसरं बायकोने फोनवर मागून काढलेलं. कठडा, पाठमोरे बाबा, कपाळावर हात, पुढे सगळा समुद्र, आणि वर कोपऱ्यात सुखोई तिळाएवढी. बायको म्हणते हेच लावायचं. मला वाटतं की विमानच दिसत नसेल तर कशाला?

पहिलं प्रचि मी गेल्या वर्षी एका ऑनलाइन प्रिंटवाल्याकडून कॅनव्हासवर करूनही घेतलं होतं, ३६ बाय २४ इंच. फार वाईट वाटलं पाहून. निळं आकाश जांभळट आलं, त्यात पट्टे पट्टे दिसतात, आणि नवातली कडेची दोन विमानं वळून लाकडी चौकटीच्या बाजूवर गेली. समोरून सातच दिसतात. तो कॅनव्हास कपाटामागे ठेवलाय. या वेळी चूक करायची नाही. जाणकारांनी मदत करावी.

खाडीकाठ | ७ जून, रात्री १०.१५

दुसरं. डोळे झाकून दुसरं.

निळी_शाई | ७ जून, रात्री ११.०२

वहिनींना अनुमोदन, आणि कारणही सांगते. सूर्यकिरणचं तसं प्रचि त्या दिवशी हजारो लोकांनी काढलं असेल. तुमचं कदाचित त्यांच्यापेक्षा चांगलं असेल, पण ते कुणाच्याही भिंतीवर शोभेल. दुसरं फक्त तुमच्याच भिंतीवर शोभेल.

विमान लहान आहे हीच त्या प्रचिची ताकद आहे. आकाशात विमान किती लहान दिसतं आणि आवाज केवढा येतो हे तिथे उभं राहिलेल्याला माहीत असतं. लेन्सने जवळ ओढलेलं विमान कॅलेंडरवर चांगलं दिसतं. भिंतीवर वर्षानुवर्षं बघायचं तर नजरेला फिरायला जागा लागते, आणि ती समुद्र देतो.

आता तुमच्या कॅनव्हासचं बोलू, कारण तीनही चुका टाळता येण्यासारख्या आहेत. विमानं बाजूला गेली कारण कॅनव्हास चौकटीवर ओढून मागे ठोकताना चारी बाजूंनी सुमारे दोन इंच चित्र आत जातं. फाइल देतानाच तेवढं फालतू आकाश चारी बाजूंना ठेवायला हवं होतं, किंवा कडांना आरशासारखी उलटी प्रतिमा जोडून द्या असं सांगायला हवं होतं. पट्टे आले कारण तुम्ही जेपीजीवरच निळा रंग चढवला असणार. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. निळ्याच्या मोजक्या छटा पूर्ण आकाशभर ताणल्या की पायऱ्या उघड्या पडतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ फाइल) असेल तर त्यावर १६ बिटमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त पायऱ्यांत, काम करा आणि शेवटी अगदी बारीक रवाळपणा टाका. स्क्रीनवर तो दिसला तरी कागदावर दिसत नाही आणि पट्टे मोडतात. जांभळटपणासाठी फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच द्या, आणि मोठं प्रिंट काढण्याआधी आकाशाची चार बाय सहाची पट्टी छापून घ्या. खर्च नगण्य, आणि उत्तर लगेच डोळ्यांसमोर.

ओझरचा_मुलगा | ८ जून, सकाळी ७.२०

निळीताई, मनापासून आभार. रॉ फाइल आहे. जेपीजीवरच निळा चढवला होता हे तुम्ही कसं ओळखलंत!

बायकोने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणजे दुसरं प्रचि बहुतेक ठरलं. पण अडचण अशी की ते माझ्याकडे व्हॉट्सअॅपवरून आलेलं आहे. १६०० बाय १२००. मी २४ बाय १८ इंच करायचं म्हणत होतो.

एआय_गडी | ८ जून, सकाळी ८.०५

सोपं आहे दादा. एआयने चौपट मोठं करा. मी आमच्या अलिबागच्या फोटोंना केलं, लाटा एकदम कडक आल्या.

निळी_शाई | ८ जून, सकाळी ९.३०

लाटांना चालेल, इथे नको. हिशेब करून बघा. सुखोई साधारण २२ मीटर लांब. ती सहाशे मीटरवर असेल तर फोनच्या मुख्य लेन्सने काढलेल्या १२ मेगापिक्सेलच्या मूळ प्रचित तिची लांबी जेमतेम शंभर पिक्सेल भरते. व्हॉट्सअॅपवरच्या प्रतीत चाळीस. चाळीस पिक्सेलच्या ठिपक्यातून एआय विमान "काढतं" तेव्हा ते दिसलेलं मोठं करत नाही, त्याला ठाऊक असलेलं कुठलंतरी विमान तिथे बसवतं. दोन शेपट्यांची एक होईल, पंखाचा कोन बदलेल. तुमच्या-माझ्या लक्षात येणार नाही. ज्यांनी ३३ वर्षं ही विमानं जोडली त्यांच्या लक्षात पहिल्या क्षणी येईल, आणि मग ते चित्र त्यांच्यासाठी खोटं होईल.

वहिनींच्या जुन्या फोनमध्ये किंवा क्लाउडच्या बॅकअपमध्ये मूळ फाइल नक्की शोधा. मूळ ४००० बाय ३००० असेल तर २४ बाय १८ ला इंचाला १६६ पिक्सेल मिळतात. चित्र किती इंचांवरून बघणार त्याने ३४४० ला भागलं की साधारण किती पिक्सेल पुरतील ते कळतं. सहा फुटांवरून, म्हणजे ७२ इंचांवरून, ४८ सुद्धा पुरतात. तुम्ही नाक लावून बघायला गेलात तरच १६६ कमी पडतील.

एआय_गडी | ८ जून, सकाळी ९.५२

शेपटीचं पटलं. असा विचार केला नव्हता. माझ्या अलिबागच्या फोटोत मागे कुलाबा किल्ला आहे, आता बुरूज मोजून बघतो.

माडाच्या_सावलीत | ८ जून, दुपारी २.४४

हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही मालवणचे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं आमच्या तारकर्लीला झाली, तेव्हा आम्ही वायरीच्या बाजूच्या किनाऱ्यावरून पाहिली. आपला किनारा मावळतीकडे तोंड करून, त्यात संध्याकाळची वेळ. विमानाचा रंग नाही, खुणा नाहीत, सगळं काळं, आणि मागे तांबूस आकाश. मी तेव्हा हिरमुसलो होतो. घरी येऊन पाहिलं तर तीच प्रचि सर्वांत देखणी निघाली. कडेला माडांच्या झावळ्या, त्याही काळ्या. आजी शेजारी उभी होती, ती ओरडली होती, "ह्यां इमान इतक्या खाली इलां तर माडाक लागतलां!" मला ते प्रचि बघितलं की आजीचा आवाज ऐकू येतो. ती गेल्या श्रावणात गेली.

ते आम्ही ओटीवर लावलंय. पण पहिल्याच पावसात फ्रेम खराब झाली, तेवढं सांगतो. मागचा हार्डबोर्ड ओल धरून फुगला आणि काचेला चिकटलेल्या जागी कागदावर बुरशीचे ठिपके आले. काच काढताना तेवढा रंग काचेबरोबर निघून आला. नाशिकला एवढी दमट हवा नसेल, तरी सांभाळा.

चौकटवाली | ८ जून, रात्री ८.१०

माडाच्या सावलीतल्या दादांचं वाचून जीव हळहळला. आमचं पुण्यात फ्रेमिंगचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. असे बुरशी लागलेले फोटो दर पावसाळ्यानंतर येतात. बरेचसे लग्नाचे असतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुणाकडे नसते. तुमच्याकडे फाइल आहे, पुन्हा छापता येईल.

कागद काचेला कधीच टेकू द्यायचा नाही. मध्ये माउंट हवा. माउंट म्हणजे चित्राभोवतीचा तो पांढरा जाड पुठ्ठा. लोक त्याला शोभेचा समजतात, पण त्याचं खरं काम काच आणि चित्र यांत हवेची फट ठेवणं हे आहे. तोही आम्लविरहित मागा, नाहीतर काही वर्षांत कापलेली कड पिवळी पडते आणि तो पिवळेपणा कागदात उतरतो. प्रिंट मागच्या बोर्डाला सगळीकडून चिकटवायचं नाही. फक्त वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या लावून लटकत ठेवायचं. पावसाळ्यात कागद थोडा वाढतो, उन्हाळ्यात आखडतो. खालून मोकळा असला की सपाट राहतो, चारी बाजूंनी जखडला की त्याला लाटा येतात. हे काम घाईत असलेला कारागीर करत नाही. तुम्ही समोर बसून करवून घ्या, त्यात संकोच करू नका.

मागे हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड (प्लॅस्टिकचा हलका फोम बोर्ड) किंवा एसीपी (अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेला बोर्ड). आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमध्ये वारा खेळतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि हाच सगळे विसरतात.

ओझरदादा, तुमच्या २४ बाय १८ ला तीन इंचांचा माउंट धरला तर काच ३० बाय २४ ची लागेल. दोन मिलिमीटरची साधी काच सव्वादोन-अडीच किलो होते. म्हणजे नुसता खिळा नको, ड्रिल करून प्लग आणि स्क्रू. समोर खिडकी असेल तर नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच घ्या. ती प्रतिबिंब घालवते, पण स्वस्तातली असेल तर चित्रावर दुधाळ पडदा आल्यासारखं वाटतं. दुकानात तुकडा चित्रावर धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सातासमुद्रापार | ९ जून, पहाटे ३.१८

इंग्लंडहून लिहिते. आमच्याकडे बोर्नमथला २००८ पासून किनाऱ्यावर विमानांचा महोत्सव भरत असे, शेवटचा २०२४ मध्ये आम्ही पाहिला. तिथला किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसभर सूर्य डोळ्यांत आणि विमानं सावलीसारखी काळी. तारकर्लीचं वाचून अगदी तेच आठवलं. गंमत वाटेल, पण ब्रिटिशांच्या रेड अॅरोजची नऊ विमानं आणि आपल्या सूर्यकिरणची नऊ, दोन्ही हॉक या प्रशिक्षण विमानाच्या कुळातली. आमच्या मुलाला दोन्ही पथकं पाहायची होती. एक पाहून झालं.

आम्ही धुराच्या रेषांचं प्रचि तीन उभ्या तुकड्यांत लावलंय. एक सांगावंसं वाटतं. पहिल्यांदा आम्ही चित्राचे सरळ तीन तुकडे केले आणि भिंतीवर दोन-दोन इंच अंतर ठेवून लावले. धुराची तिरपी रेषा प्रत्येक फटीपाशी तुटून खाली सरकल्यासारखी दिसायला लागली. महिनाभर ते डोळ्यांना टोचत होतं आणि कारण कळत नव्हतं. फटीएवढी पट्टी चित्रातून कापून टाकायची असते. खिडकीच्या गजामागे जसं दृश्य झाकलं जातं, तसं. दुसऱ्यांदा तसं छापलं आणि रेषा या तुकड्यातून त्या तुकड्यात सरळ जायला लागली.

खाडीकाठ | ९ जून, सकाळी ८.३०

खिडकीच्या गजाची उपमा फार आवडली.

ओझरदादा, एक तपासा. क्षितिज सरळ आहे का? फोनमध्ये अर्धा अंश तिरकं असलेलं कळत नाही. २४ इंचांच्या प्रिंटवर तोच अर्धा अंश एका टोकाला जवळजवळ पाव इंच होतो, आणि माउंटची सरळ कड शेजारी असल्याने समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटत राहतं. आणि त्या दिवशी तुम्ही पश्चिमेकडे बघत होतात, जानेवारीतला दुपारचा सूर्य डावीकडे दक्षिणेला. बाबांची सावली उजवीकडे पडली असेल. कापताना ती सावली कापू नका, तिच्यामुळे माणूस जमिनीवर उभा वाटतो.

ओझरचा_मुलगा | ९ जून, रात्री १०.०५

सापडली! बायकोचा जुना फोन माहेरी तिच्या भाच्याकडे होता. त्याने गेम ठेवायला बरंच काही उडवलं होतं, पण हे फोल्डर राहिलं. ४०३२ बाय ३०२४. मोठं करून पाहिलं तर सुखोईच्या दोन्ही शेपट्या वेगळ्या दिसतात. बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग आहे, तोही दिसतो. बायको म्हणाली तो डाग काढायचा नाही. मीही काढणार नव्हतो.

खाडीकाठ, सावली खरंच उजवीकडे आहे आणि क्षितिज खरंच तिरकं होतं. दोन्ही बघून मी थक्क झालो.

एक शंका. आकाश त्या दिवशी धुरकट होतं, मुंबईचं जानेवारीतलं असतं तसं. निळं करू का?

निळी_शाई | ९ जून, रात्री १०.४०

करू नका. त्या धुरकट करड्यावरच विमानाचा ठिपका उठून दिसतोय, आणि तो दिवस तसाच होता. समुद्रातला काळोख किंचित वाढवा, बस. एक मात्र करा, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून शेजारी पांढरा कागद धरा आणि मग ठरवा. झगझगीत स्क्रीनवर ठीक वाटलेलं प्रचि कागदावर काळवंडतं, प्रिंट गडद आल्याच्या निम्म्या तक्रारींचं कारण हेच असतं. कागद मॅट घ्या, सुती असेल तर उत्तम, आणि शाई पिगमेंटची. चमकदार कागदावर समोरच्या दिव्याचा गोळा नेमका समुद्रात पडेल.

सारंगवेडा | १० जून, दुपारी १२.२०

उशिरा आलो. पुढच्या वेळी कुणी जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, जेटला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद शटर ठीक, पण सारंग या हवाई दलाच्या कसरतपथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरांना नाही. मी तेच सेटिंग ठेवलं आणि चारही हेलिकॉप्टरांची पाती हवेत थिजलेली आली. इंजिन बंद पडून खाली येतायत असं वाटतं. एवढी सुंदर मोराची रंगसंगती, आणि एकही भिंतीवर लावण्याजोगं नाही. १/१२५ ते १/२५० ठेवून हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा फिरवायचा. दहातली आठ हलतील, उरलेल्या दोनांत पाती फिरताना दिसतील.

चौकटवाली | १० जून, दुपारी ३.०५

ओझरदादा, मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, कुठली घेताय? सोनेरी नको एवढंच सांगते. कठड्याचा करडा आणि शर्टाचा पांढरा आहे, तर सागवानाची साधी, एक इंचाची पट्टी घ्या, पॉलिश न चमकणारं. माउंट पांढराशुभ्र नको, किंचित दुधाळ घ्या. नाहीतर बाबांचा शर्ट त्यापुढे मळका वाटेल.

ओझरचा_मुलगा | २९ जून २०२५, रात्री ९.१५

मंडळी, लागलं.

आधी आकाशाची पट्टी छापून घेतली, करडं करडंच आलं. सुती मॅट कागद, सागवानी पट्टी, दुधाळ माउंट, मागे सनबोर्ड, खाली रबराच्या टिकल्या. बिजागऱ्या लावून होईपर्यंत दुकानात बसलो. कारागीर म्हणाला, हे सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं. मी चौकटवालीताईंचा प्रतिसाद त्याला दाखवला, त्याने तो फोनमध्ये फोटो काढून ठेवला.

भिंतीवर मी फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर घेतला, उभ्या माणसाच्या नजरेला येईल असा. बाबांना बोलावलं. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ गेले. मला वाटलं स्वतःला बघतायत. ते विमान बघत होते. बोट काचेला न लावता म्हणाले, "नाकापाशी छोटे पंख असतात हिला, कॅनार्ड. इथे नाही दिसत. पण पंखावरून कळतं, वळणावर होती." मग परत खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "वर वाटतंय रे. मी तर इथेच बसणार."

खाली बसून पाहिलं तर खरंच मान वर करावी लागत होती. स्क्रू सहा इंच खाली घेतला. जुन्या भोकात पुट्टी भरलीय, रंगाचा उरलेला डबा सापडला की हात मारायचा आहे.

माडाच्या_सावलीत | २९ जून, रात्री ९.३८

दादा, तुमच्या बाबांना आमचा नमस्कार सांगा. आजीचं प्रचि मीही आज पुन्हा छापायला टाकलं, माउंट लावूनच.